आडवा उतार

मार्च लागला की माझ्या काखा दुखायला लागतात. डॉक्टर म्हणतात हे वयाचं आहे, साठीला आलेल्या बाईनं कुबड्या वापरल्या की व्हायचंच. मग ऑगस्टात का दुखत नाही, असं विचारलं की ते हसतात आणि मलम लिहून देतात. मला ठाऊक आहे ते कशाचं आहे. कडुलिंबाला मोहोर येतो, परभणीत सकाळी नऊलाच ऊन टोचायला लागतं, आणि गल्लीतून पॅड-पट्टी काखेत मारलेली पोरं ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत जायला लागतात. परीक्षेचे दिवस. ज्यानं एकदा जीव मुठीत धरून परीक्षा दिली, त्याचा मार्च जन्मभर साधा होत नाही.

यंदा त्यात भर पडली. मी जिथून कारकून म्हणून निवृत्त झाले त्या कचेरीतून फोन आला. परीक्षा केंद्रांच्या वाटा तपासायच्या आहेत, अपंग मुलांना फाटकापासून बाकापर्यंत जाता येतं का ते मोजायचं आहे, एक तरुण इंजिनियर येईल, त्याच्याबरोबर फिराल का? फिराल का म्हणे. मी आयुष्यभर दुसरं काय केलं? इंजिनियर आला, नांदेडकडचा, पाठीवर भली मोठी पिशवी. त्यानं एकेक वस्तू काढून माझ्या ओट्यावर मांडली. टेप, लांब दांड्याचं एक चाक, आणि साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं एक यंत्र. ते जमिनीवर ठेवलं की उतार किती आहे ते हिरव्या आकड्यांत सांगतं. चाकाकडं मी जरा जास्तच वेळ बघत राहिले. त्यानं समजावलं की मॅडम, यानं अंतर मोजतात. मी म्हटलं, माहीत आहे बाबा, आमच्या घरी होतं. त्याला ती थट्टा वाटली. मग त्यानं केंद्रांची यादी पुढं केली आणि पहिलंच नाव माझ्या शाळेचं निघालं.

त्या शाळेत मी दहावीचा शेवटचा पेपर दिला तो दिवस, आणि हा. मधे एकदाही गेले नव्हते. परभणी काही एवढं मोठं गाव नाही. जायचं टाळलं म्हणून टळलं.

तो काळ नामांतराचा होता. विद्यापीठाच्या नावावरून अवघा मराठवाडा धुमसत होता. आज मोर्चा, उद्या बंद, परवा नुसतीच अफवा, आणि कोणती परीक्षा कधी पुढं ढकलली जाईल याचा नेम नाही. बाहेर निघालेला माणूस वेळेत परत आला नाही की घरातली बाई दारात उभी. आमची माय तर तशीही दारातच उभी असायची, कारण तिची एकुलती एक पोरगी डाव्या पायानं अधू होती. पोलिओनं तो पाय बारीक झाला आणि उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड राहिला. त्यावर लोखंडी पट्ट्यांचा बूट, आणि काखेत दोन कुबड्या.

त्या शेवटच्या परीक्षेच्या आदल्या वर्षी मी दहावीला पहिल्यांदा बसले होते. पहिल्या दोन पेपरांना नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला पाठुंगळी घेऊन नेलं. सतरा वर्षांची घोडी बापाच्या पाठीवर. फाटकात उभ्या असलेल्या पोरांपैकी एक जण म्हणाला, आलं बघा पोतं. नानांना ऐकू गेलं की नाही ते कळलं नाही, पण माझ्या मांडीखालचे त्यांचे हात घट्ट झाले. तिसऱ्या पेपराला नाना नोकरीवर अडकले आणि मला न्यायला येणारा मामा पाऊण तास उशिरा उगवला. तोवर वर्गाचं दार लागलं होतं. सुपरवायझर नियमाला धरून होते, त्यांचं काही चुकलं नाही. त्या वर्षी मी नापास झाले. माय म्हणाली, बास झालं. तिनं शिवणयंत्र बघून ठेवलं होतं. आणखी एकदा बस, पण एकजरी पेपर बुडला तरी पुन्हा शाळेचं नाव काढायचं न्हाई, मशीनवर बसायचं. शिवण वाईट नाही, त्यावर कितीतरी घरं चालतात. पण मला सुईत दोरा ओवतानाच राग यायचा. मला ऑफिसात टेबलामागं बसायचं होतं, आणि लोकांनी माझ्याकडं कागद घेऊन यायला हवं होतं.

मी मायला म्हटलं, बसते. पण पाठुंगळी जाणार नाही. मेले तरी जाणार नाही.

नाना कालव्याच्या खात्यात खलाशी होते. आमच्याकडं पाणी म्हणजे विहीर आणि खलाशी म्हणजे मोजणीच्या साहेबाचा हाताखालचा माणूस. साहेब दुर्बिणीतून बघणार आणि लांबवर खलाशी आकडे रंगवलेली उंच पट्टी धरून उन्हात उभा राहणार. पट्टी केसभर कलली की साहेब हातवारे करून शिव्या देणार. वीस वर्षं पट्टी धरून धरून नाना स्वतःच ताठ झाले होते, आणि साहेबांच्या नकळत सगळी मोजणी शिकले होते. कालव्याचं काम आणखी एक गोष्ट शिकवतं. पाण्याला डोळे नसतात, त्याला उतार द्यावा लागतो. तेव्हा मी पाठुंगळी जाणार नाही म्हटल्यावर नाना रागावले नाहीत, समजूत घालत बसले नाहीत. म्हणाले, "मग वाट मोजावी लागंल."

त्यांनी मोडक्या सायकलीचं पुढचं चाक काढलं, त्याला लाकडाचा दांडा बसवला आणि आरीला लाल चिंधी बांधली. चिंधी एकदा वर आली की एक फेरा. आमच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत चारशे दहा फेरे भरले, तीन हजार फुटांच्या थोडे वर. मग दवाखान्यातल्या ओळखीच्या कंपाउंडरकडून सलाईनची लांब नळी आणली, तिच्यात पाणी भरलं आणि पाणी नीट दिसावं म्हणून कपड्याची नीळ दोन थेंब टाकली. नळीचं एक टोक माझ्या हातात, एक नानांच्या. दोन्हीकडं पाणी थांबलं की नाना काठीवर खूण करायचे आणि वहीत लिहायचे. प्रत्येक पातळी ते दोनदा घ्यायचे. टोकं बदलायची, त्यांचं मला आणि माझं त्यांना, आणि पुन्हा बघायचं. "एकदा सुलटं, एकदा उलटं. दोनदा सारखं आलं तरच खरं," असं त्यांचं म्हणणं.

गल्लीला वाटलं नळ येऊ लागलेत. खात्याचा माणूस, हातात नळी, वहीत आकडे, मग दुसरं काय असणार? दोन दिवसांत लोकांनी दारापुढचे दगड उचलले, एकीनं जळणाचा ढीग हलवला, एकानं वाटेत पुढं आलेली पायरी स्वतः फोडली, का तर पाईप आपल्याच दारावरून जावा. आम्हाला चहा मिळायला लागला. नाना जन्मात खोटं बोलले नव्हते आणि तेव्हाही बोलले नाहीत. नुसतं कुणाला काही सांगितलं नाही. वाट साफ झाली. नळ पुढं यायचा तेव्हा आला.

चढ किती चालेल हे मात्र कोणत्याही पुस्तकात नव्हतं, निदान आमच्या घरातल्या. नानांनी अंगणात एक फळी टाकली, तिच्या एका टोकाखाली विटा लावल्या आणि मला चढायला सांगितलं. मग एकेक वीट वाढवत गेले. ते माझ्या पायाकडं बघत नव्हते, तोंडाकडं बघत होते. माझा ओठ दाताखाली गेला की थांबायचे, एक वीट काढायचे आणि लिहायचे. बारा फुटांना एक फूट, यावर येऊन ठेपलो. हाच आकडा पुढं कितीतरी वर्षांनी मी सरकारी पत्रकात वाचला, आणि टेबलावर बसल्या बसल्या मला रडू आलं. शेजारच्या बाईला वाटलं बदली झाली.

शाळेच्या व्हरांड्याला तीन पायऱ्या होत्या, दीड फूट उंचीच्या. हेडमास्तरांनी परवानगी दिली, पण शाळेकडून एक घमेलंही मिळणार नाही असं सांगून. नानांनी रजा घेतली आणि आठ दिवस एकट्यानं खपून फाटकाकडं तोंड केलेला अठरा फुटी चढ बांधला. खाली मुरूम, वर शहाबादी फरशी. उन्हानं त्यांची मान सोलून निघाली. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी काम संपलं, आणि संध्याकाळच्या गाडीनं ते कालव्यावर गेले, कारण शेतांसाठी कालव्यात उन्हाळ्याची पाणीपाळी सुटली होती आणि आता परीक्षा संपेपर्यंत त्यांना सुट्टी मिळणार नव्हती. मिळालीच तर मधे एखादा रविवार. जाताना त्यांनी वाटेवरच्या माझ्या पाच विसाव्यांवर लाल रंगानं बाण काढले होते, खात्यात पातळीचे दगड रंगवतात तसे. हापशाच्या कट्ट्यावर एक, लिंबाच्या पारावर एक, गिरणीच्या पायरीवर एक. बाण दिसला की थांबायचं, शंभर अंक म्हणायचे, पुढं निघायचं.

त्याच संध्याकाळी मी चढ बघायला गेले. शाळेत मुंजाजी नावाचा शिपाई होता, तिशीतला, कमी बोलणारा. त्यानं फाटक उघडलं. मी कुबड्या टेकत चढावर चार टेकण्या गेले असेन, आणि डावी कुबडी सरकली. आपटले. फरशी गुळगुळीत म्हणून नव्हे. बसल्या बसल्या मी फरशीवर पाण्याची बाटली चढाच्या लांबीत आडवी ठेवली आणि ती गडगडत डावीकडं गेली. तेव्हा लक्षात आलं. नानांनी फरशीला आडवा उतार दिला होता. पावसाचं पाणी साचू नये, बाजूनं निघून जावं, म्हणून. कालव्याच्या माणसाचा हात. पाऊस यायला तीन महिने होते, माझी परीक्षा उद्या होती, आणि त्या माणसाच्या हातून फरशीला पाण्याची वाट दिल्याशिवाय काम संपलंच नसतं. आखूड पाय माझा डावा, आणि उतारही नेमका डावीकडं. आधीच दोन बोटं कमी असलेल्या पायाखालची जमीन आणखी दोन बोटं खाली गेली होती. आठ दिवस चढाची लांबी-उंची इंचाइंचानं मोजणाऱ्या माणसाला ती बाजू दिसलीच नव्हती, कारण पाण्याच्या दृष्टीनं ती बरोबर होती.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, आधी रागच आला, आणि मग त्यांची सोललेली मान आठवली. मुंजाजी म्हणाला, "नानाला निरोप धाडू का, ताई?" मी म्हटलं, नाही. निरोप गेला असता तर ते पाळी सोडून धावत आले असते आणि नोकरीवर गदा आली असती. मायला कळलं असतं तर तिला शिवणयंत्राचा रस्ता मोकळा झाला असता. मी मुंजाजीला शपथ घातली की हे कुणाला सांगायचं नाही.

उठायला म्हणून मी वळले. पडलेला माणूस जसा जमेल तसा उठतो. मी फाटकाकडं तोंड करून, मागं व्हरांडा ठेवून, कुबड्या रोवल्या आणि उभी राहिले, आणि सरळ उभी राहिले. डावा पाय आता उंच बाजूला होता. वळल्याबरोबर उतारानं बाजू बदलली होती. दोन बोटं कमी आणि दोन बोटं जास्त, हिशेब फिटला होता. मी एक टेकणी मागं गेले. कुबडी सरकली नाही. आणखी एक. मुंजाजी तोंडावर हात ठेवून बघत होता.

तर मी दहावीची परीक्षा उलटी चढून दिली. सात पेपर, सात वेळा. उतरताना प्रश्न नव्हता, तेव्हा तोंड फाटकाकडंच असतं. चढताना मात्र सगळं गाव समोर. ज्या पोरांच्या नजरेला नजर द्यायची नव्हती म्हणून पाठुंगळी बसायला नको म्हटलं, त्याच पोरांकडं तोंड करून मला अठरा फूट मागं मागं जायचं होतं. पाठीमागं काय आहे ते दिसत नाही, काखेत रबराचा जाळ झालेला, घाम डोळ्यांत, आणि घंटेकडं कान. पहिल्या दिवशी कुणीतरी म्हणालं, गाडी रिव्हर्समध्ये घेतली. हशा झाला. मी त्याच्या डोळ्यांत बघत राहिले, कारण दुसरीकडं बघायला सोयच नव्हती. तोच आधी खाली बघायला लागला. मुंजाजी वरच्या टोकाला उभा राहून हळू आवाजात सांगायचा, चार हात राहिले, तीन हात, दोन. त्या आवाजाला धरून मी मागं सरकायची. त्यानं एकदाही मला हात लावला नाही, आणि हे त्याचं माझ्यावरचं सगळ्यात मोठं ऋण आहे.

मधल्या रविवारी नाना घरी आले. अंगाला कालव्याच्या गाळाचा वास, डोळे लाल. पाणी प्यायच्या आधी त्यांनी विचारलं, "चढ कसा हाय, वच्छे?"

"लय चांगला हाय, नाना."

ते एवढे खूश झाले की शेजाऱ्यांना बोलावून चढाची मापं सांगत बसले. मी भाकरीच्या ताटात मान घालून जेवले.

बीजगणिताच्या दिवशी मोर्चा होता. माय म्हणाली, आज जाऊ नको, दगड येतील, रक्त सांडंल. पण पेपर बुडाला तर मशीन, हे तिनंच ठरवलं होतं, आणि ते मी तिला ऐकवलं. ती दारातून बाजूला झाली. मी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी निघाले. हापसा गाठला, लिंबाचा पार गाठला, आणि पुढं रस्ताच नव्हता. माणसंच माणसं. निळे झेंडे, घोषणा, कडेनं पोलीस. मला रस्ता ओलांडून गिरणीकडं जायचं होतं आणि मोर्चाला शेवट दिसत नव्हता. मी लाल बाणावर बसून शंभर अंक म्हटले. पुन्हा शंभर म्हटले. समोरच्या दुकानातल्या घड्याळात साडेदहा वाजून गेले. अकराला पेपर. बीजगणित सगळं एकदम डोक्यातून निघून गेलं.

आमच्या गल्लीत नामांतराच्या मागणीबद्दल बरं बोलणारं फारसं कुणी नव्हतं. मीही वेगळी नव्हते. मोठी माणसं बोलायची ते मला खरं वाटायचं. आता लाज वाटते. मी उठून मोर्चाच्या कडेला उभी राहिले, आणि एक मध्यमवयीन माणूस, डोक्याला रुमाल, हातात फलक, माझ्या हॉलतिकिटाकडं आणि मग कुबड्यांकडं बघत थांबला. "पेपर हाय का, बाई?" मी मान हलवली. त्यानं फलक आडवा धरला आणि मागच्यांना म्हणाला, "थांबा रे. पोरगी जायलीय परीक्षेला." ओळी थांबल्या. घोषणासुद्धा थांबली. मी दोन माणसांच्या रांगांमधून त्या रुंद रस्त्यावरनं एकेक टेकणी टाकत गेले, आणि तेवढा वेळ सगळे उन्हात उभे राहिले. पलीकडं पोचल्यावर मागं पुन्हा घोषणा सुरू झाली. ती माणसं शिक्षणाच्या दारावर एक नाव लागावं म्हणून चालत होती, आणि मी एका दाराच्या तीन पायऱ्यांसाठी. मला हे तेव्हा सुचलं नाही. तेव्हा फक्त घड्याळ सुचत होतं. पण दार कुणासाठी बांधलेलं असतं, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो त्या रस्त्याच्या मधोमध, हे मात्र खरं. चढ चढून बाकावर बसले तेव्हा प्रश्नपत्रिका वाटत होते.

पास झाले. फार मार्क नाहीत, पण पास. निकालानंतर गुणपत्रक आणायला मी निघाले तर नाना म्हणाले, मी आणतो, उगाच कशाला तू. मला वाटलं माझा त्रास वाचवतायत. त्यांनी आणलंही. पुढं कॉलेज, पुढं नोकरी. टेबल मिळालं, लोक कागद घेऊन आले. नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. एक सवय मात्र लागली ती लागलीच. कुठंही चढ दिसला की मी आपोआप वळते आणि पाठमोरी चढते. कचेरीत नव्यानं आलेले हसायचे, जुने त्यांना गप्प करायचे.

तर त्या शाळेत आम्ही गेलो. इमारतीला रंग नवा, फाटक नवं, आवारातला लिंब तोच. चढ तोच. इंजिनियरनं यंत्र फरशीवर उभं लावलं, आकडा बघितला, टेपनं लांबी घेतली आणि शीळ घातली. म्हणाला, मॅडम, बाराला एक, काटेकोर, हे कोणत्या इंजिनियरचं काम आहे? मी सांगितलं, खलाशाचं. आणि म्हटलं की आता तेच यंत्र आडवं ठेव, खरी गंमत आडवी आहे. चाळीस वर्षं गिळलेली गोष्ट तशी परक्या पोरापुढं सहज बाहेर आली. मी त्याला सांगत होते की बघ, डावीकडं किमान दोन बोटं येईल, आणि तो यंत्रावरचा आकडा पुन्हा पुन्हा बघत होता.

"पॉइंट दोन, मॅडम. म्हणजे नसल्यातच जमा."

मी म्हटलं यंत्र बिघडलंय. तो म्हणाला नवीन आहे. मी म्हटलं उलटं ठेव, एकदा सुलटं एकदा उलटं, दोनदा सारखं आलं तरच खरं. त्यानं उलटं ठेवलं. वर ठेवलं, मधे ठेवलं, खाली ठेवलं. तोच आकडा. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि त्याला तशीच चढाच्या लांबीत फरशीवर आडवी ठेवायला लावली. बाटली ठेवली तिथं राहिली.

फाटकाच्या आत, लिंबाच्या सावलीत, खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी येऊन बसतो, असं फाटकावरच्या पोरानं मघाशी सांगितलं होतं. मी नीट बघितलं नव्हतं. तो काठी टेकत उठून जवळ आला, तेव्हा ओळखला. मुंजाजी.

त्यानं सांगितलं ते थोडक्यात सांगते, कारण तोही कमीच बोलला. शेवटच्या पेपराला नाना आले होते. पाळी संपवून, रात्रभर प्रवास करून, मला न सांगता. रस्त्यापलीकडच्या टपरीमागं उभे राहिले, पोरगी स्वतःच्या चढावरनं कशी जाते ते बघायला. आणि त्यांनी मला उलटी चढताना बघितलं. त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. ज्या माणसाला केसभर कललेली पट्टी कळते, त्याला कललेली पोरगी कळणार नाही का? मी वर पोचेपर्यंत ते उभे राहिले, आणि मला न भेटता निघून गेले. पुढं मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, पहार आणि घमेलं घेऊन आले. सगळी फरशी उपटली. हातभर काळी माती काढून टाकली, कारण ती पावसात फुगते आणि फरशी उचलते. मुरूम ठोकला, आणि नळीनं आडवी पातळी घेत एकेक फरशी पुन्हा बसवली. पाणी जायला बाजूनं वेगळी नाली काढली. मग मला आठवलं, त्या उन्हाळ्यात नाना चार दिवस पिंगळीला पाहुण्यांकडं म्हणून गेले होते, आणि येताना मान पुन्हा सोललेली होती.

मुंजाजीनं त्यांना विचारलं होतं की नाना, परीक्षा तर झाली, पोरगी आता इथं काहून येती, कुणासाठी करायलाव हे?

"काय म्हणाले?" मी विचारलं.

मुंजाजीनं काठीच्या टोकानं फरशीला हलकेच टोचलं. "म्हणले, पाण्याचा इचार केला मी, लेकराचा न्हाई केला. आन् म्हणले, तिनं मला सांगितलं न्हाई. तूबी तिला सांगू नको."

मुंजाजीनं दोघांचाही शब्द पाळला होता, चाळीस वर्षं, एकाच फाटकात बसून. इंजिनियर पलीकडं जाऊन उगाच टेप गुंडाळत उभा होता. चांगला मुलगा आहे.

मी चढाच्या तोंडाशी आले. सवयीनं अंग वळलं, पाठ व्हरांड्याकडं झाली, तोंड फाटकाकडं. मग कुबड्या उचलल्या, पुन्हा रोवल्या आणि तोंड दाराकडं केलं. डावी कुबडी आधी हलकेच टाकून बघितली, मग भार दिला. ती सरकली नाही. मुंजाजी मागून, जुन्याच हळू आवाजात, हात मोजायला लागला. चार राहिले, तीन, दोन. मला आता पुढं दिसत होतं, मोजायची गरज नव्हती, पण मी त्याला थांबवलं नाही.

वर पोचल्यावर धाप लागली होती. समोर वर्गाचं दार उघडं होतं, आत परीक्षेसाठी मांडलेले बाक, रिकामे. आजूबाजूला कोण ऐकतंय याची पर्वा न करता मी मोठ्यानं म्हणाले, "चढ लय चांगला हाय, नाना."